दातात धरलेली काठी

काठी दीड वीत लांब आहे. बाभळीची, अंगठ्याएवढी जाड, साल काढलेली, आणि मशीनच्या तेलानं इतकी काळी पडलेली की नवख्याला ती शिसवाची वाटेल. एक टोक घासून गोल केलेलं. दुसऱ्या टोकावर दातांचे वण आहेत, वरून आणि खालून, चांगले खोल. सुजातानं ती माझ्या हातात दिली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी राहात्याला एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला आलो होतो. जेवणं उरकली, आहेर झाला, आणि सगळे मांडवात पेंगायला लागले तेव्हा मी हळूच उठलो आणि कालव्याच्या कडेनं चालत इथवर आलो. अर्ध्या तासाचा रस्ता. पंचवीस वर्षं मी हा रस्ता टाळला होता. राहात्यावरून जाताना गाडीची काच वर करून पुढे गेलो होतो, एकदा नाही, चार वेळा.

काठी नाकाशी नेली. वास अजून आहे. मळी, ग्रीस, रॉकेल, आणि या तिघांच्या मागे कुठेतरी तंबाखू. भागाजी मिस्त्रींच्या खिशात ही काठी आणि तंबाखूची डबी शेजारी शेजारी नांदायच्या.

परदेश मला आधी भेटला तो इथंच. मी पारनेर तालुक्यातला. आमच्याकडे पावसाच्या भरवशावरची बाजरी, मटकी, आणि उन्हाळ्यात टँकर. विहिरीत पोहरा आपटल्याचा आवाज आला की पाणी संपलं, एवढंच आमचं जलशास्त्र. पदवी घेऊन मी साखर कारखान्यात ट्रेनी इंजिनियर म्हणून आलो, नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, आणि एस.टी.तून उतरल्याबरोबर मला पाणी वाहत असल्याचा आवाज ऐकू आला. भरदुपारी, रस्त्याच्या कडेनं, कुणाचं लक्षही नसताना पाणी आपलं वाहत होतं. मी पिशवी खाली ठेवून ते बघत उभा राहिलो. पेरूच्या टोपल्या घेऊन बसलेली एक बाई मला म्हणाली, "काय हरवलं का वं?" आता तिला काय सांगणार? आमचं हरवलेलं सगळं पाणी इथं सापडलं होतं.

मग कारखाना. गळीत हंगाम सुरू होता. बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर पार पिंपळापर्यंत गेलेली, बैल बसल्या बसल्या उसाचं वाढं खात असलेले, आणि सगळ्या मुलखावर तो वास. गोड, जड, थोडा आंबूस, कपड्यात शिरला की धुऊनही न जाणारा. आत पाऊल टाकलं आणि माझे कान बंदच झाले. माणसाच्या उंचीचे लोखंडी रोलर फिरत होते, त्यांच्यामध्ये ऊस जात होता आणि पलीकडून त्याचा चोथा येत होता, आणि पायाखालची फरशी जिवंत असल्यासारखी थरथरत होती. कॉलेजात मी याची चित्रं काढली होती. चित्रात आवाज नव्हता. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. देवळात कधी आले नव्हते इतके रोमांच त्या दिवशी अंगावर आले.

आणि त्या सगळ्या गदारोळात, गिअरबॉक्सला टेकून, एक काटकुळा माणूस डोळे मिटून दात घासत उभा होता.

मला खरंच तसं वाटलं. आमच्याकडे बाभळीच्या काडीनं दात घासायची रीत, आणि याच्या तोंडात बाभळीचीच काडी. ड्युटीवर येऊन दात घासतोय म्हणजे युनियनचा मोठा माणूस असणार, असा मी अंदाज बांधला. मग नीट पाहिलं. काडीचं एक टोक दातात होतं आणि दुसरं गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर टेकवलेलं. तो मशीन ऐकत होता.

हे भागाजी मिस्त्री. कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. बाकीचे फिटर लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बेअरिंगचा आवाज घ्यायचे, सगळ्या जगात घेतात तसाच. मिस्त्री मात्र काठी दातात धरायचे. त्यांनी मला जवळ बोलावलं, काठीचं टोक सदऱ्याला पुसलं, आणि माझ्या तोंडासमोर धरलं. मी काठी चावली, त्यांनी दुसरं टोक बेअरिंगवर ठेवलं, आणि माझ्या डोक्याच्या आत कारखाना सुरू झाला. कानात नाही, कवटीत. बाहेरचा गोंगाट कुठल्या कुठे गेला आणि फक्त ते एक बेअरिंग उरलं, त्यातली एकेक गोळी, गोल गोल.

"खडा लागला का?" मिस्त्रींनी विचारलं. ते नेहमीच मोठ्यांदा बोलायचे.

बाजरीची भाकरी खाताना मध्येच दाताखाली खडा यावा, तसं काहीतरी होतं. एका फेऱ्यात एकदा. मी मान हलवली.

"कुटलं गाव?"

"पारनेर."

"मंग कळंल तुला. खडे खाऊनच वाढला आसशील." आणि हसले. त्या दिवसापासून माझं नाव पारनेरकर झालं.

तीन हंगाम मी त्यांच्या मागे फिरलो. बाकीचे ट्रेनी कानानं शिकले, मी दातानं. एकदा मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावलेला पाहून त्यांनी तो काढून घेतला होता. म्हणाले, "कान लबाड आसत्यात, पारनेरकर. त्यांला समद्या गावाचं ऐकू येतं. दाताला फकस्त त्येवढंच कळतं, ज्येला काठी टेकवली." मला हे तत्त्वज्ञान इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून ठेवलं.

लोक मिस्त्रींना शिष्ट म्हणायचे. हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. साहेबांनी मागून बोलावलं तरी तसंच. मला त्याचाही अभिमान वाटायचा. माणूस कामात असा बुडालेला पाहिजे, असं मी खोलीवरच्या पोरांना सांगायचो.

खंडेनवमीला कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये सगळी हत्यारं धुऊन ओळीनं मांडायचे. पाने, हातोडे, छिन्न्या, व्हर्नियर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याची सुट्टी. मिस्त्री आपली पेटी घेऊन कोपऱ्यात बसायचे. रॉकेलमध्ये फडकं बुडवून एकेक पाना पुसायचे, मग त्याला तेलाचा हात, मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत. शेवटी काठी. तिला फक्त गोडंतेल. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ते पांढरा सदरा घालून, लहानग्या लेकीला, सुजाताला, सायकलच्या दांडीवर बसवून, धम्मदीक्षेच्या दिवसाच्या कार्यक्रमाला विहारात जायचे. पण आदल्या दिवशीची ही पुसापुशी त्यांनी कधी चुकवली नाही. मी एकदा गमतीनं म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या हत्यारांना कुंकू नाही?"

"हत्याराला कुंकू न्हाई लागत, पारनेरकर. तेल लागतं."

प्रसाद मात्र घ्यायचे. खोबऱ्याचे दोन तुकडे, एक सुजातासाठी.

मग न्यूझीलंड देश इंजिनियर लोकांना बोलावतोय अशी एक लाट आली. फॉर्म भरा, गुण मिळवा, जा. वर्गातले दोघे गेले. मीही फॉर्म भरला, आणि मला खरोखरच बोलावणं आलं. निघायच्या आधी मिस्त्रींच्या घरी जेवायला गेलो. ह्याच घरी. भिंतीवर बाबासाहेबांचा हाच फोटो होता. मावशींनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोनं, वांग्याचं भरीत केलं होतं. जेवण झाल्यावर मिस्त्रींनी माझ्यासमोर दोन वस्तू ठेवल्या. एक, माझ्यासाठी कोरलेली बाभळीची नवी काठी. दुसरी, राहात्याच्या बाजारातून आणलेली कोरी कॅसेट, अजून पारदर्शक कागदात गुंडाळलेली.

"तिकडचं मशीन कसं वाजतं, त्ये यात भरून धाड."

"मिस्त्री, पत्र लिहीन ना मी."

"पत्रात काय आवाज येतो व्हय? तू तिकडं मशीनवर काम कर, आन तुज्या मशीनचा आवाज मला धाड. दुसऱ्याच्या मशीनचा नगं. तुज्या."

मी शब्द दिला. देताना काही कठीण वाटलं नाही. इंजिनियरांना बोलावलंय म्हटल्यावर विमानतळावर हार घेऊनच उभे असतील, अशी माझी समजूत होती.

विमानतळावर एक बाई उभ्या होत्या, हार नव्हता. त्यांनी माझी बॅग उघडली आणि काठी बाहेर काढली. त्या देशात परकं लाकूड न्यायला मनाई असते, त्यातून कीड येते म्हणून. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, हे काय आहे? मी खरं ते सांगितलं, ही ऐकायची काठी आहे, दातात धरतात. बाईंनी माझ्याकडे एकदा आणि काठीकडे एकदा पाहिलं. मग हातमोजे घातलेल्या दोन बोटांनी काठी उचलून पिवळ्या डब्यात टाकली. कॅसेट परत दिली.

मी डिसेंबरात पोचलो आणि तिकडे भर उन्हाळा. आकाश इतकं धुतलेलं की डोळे दुखायचे. समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं पाहिला, पारनेरच्या माणसानं पाहावा तसा, तोंड उघडं टाकून. आणि सूर्य. तो दुपारी उत्तरेला असायचा! पहिले पंधरा दिवस मी रोज रस्ता चुकलो. आमच्याकडे उन्हाची तिरीप बघून दिशा ओळखायची सवय. तिथं सगळंच उलटं. एका बागेत बाकावर बसलो होतो, आणि सूर्य माझ्या उजवीकडून डावीकडे गेला. एवढी मोठी गोष्ट उलटी चालू शकते, तरी पोरं शांतपणे आइसक्रीम खातायत. मी अंगावर काटा येऊन बघत राहिलो. एकट्यानं असलं काही बघितलं की कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि कोणी नव्हतं.

काम मात्र मिळेना. पिवळ्या पानांची टेलिफोन डिरेक्टरी घेऊन मी शहरातली वर्कशॉप्स पायी पालथी घालू लागलो. हातात फाइल, फाइलमध्ये राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याच्या अटेस्टेड कॉपी, बायोडेटाच्या पहिल्या पानावर वडिलांचं नाव, धर्म, जात, उंची. समोरचा माणूस ते पान वाचायचा आणि गोंधळून दुसरं पान उलटायचा. सगळे गोड बोलायचे. शेवटी एकच प्रश्न यायचा, "इथला अनुभव आहे का?" आता इथं काम केल्याशिवाय इथला अनुभव कुठून आणू? मग ते म्हणायचे, आम्ही कळवू. आपल्याकडे साहेब 'कळवू' म्हणाला की माणूस आस धरून बसतो. मी पाच ठिकाणच्या 'कळवू'साठी आठवडाभर खोलीतल्या फोनशेजारी बसून राहिलो. बाहेर गेलो तर वाजेल म्हणून दूध आणायलाही गेलो नाही.

आणखी एक घोटाळा माझ्याकडून व्हायचा, तो मला फार उशिरा कळला. तिथल्या ऑफिसात मऊ गालिचे असायचे. इतक्या स्वच्छ जागेत पायताण घालून कसं जायचं? मी दारातच बूट काढून ठेवायचो आणि मोज्यांवर आत जायचो. माझ्या मते हा आदर होता. त्यांच्या मते काय होतं, देव जाणे.

परतीचं तिकीट सहा महिन्यांनी संपत होतं. तोवर इंजिनियरचं काम मिळालं नाही तर परत, असं घरच्यांशी ठरलं होतं. एप्रिल आला, थंडी पडू लागली, आणि मी फळं पॅक करायच्या एका शेडमध्ये मजूर म्हणून लागलो. गावाबाहेर किवीच्या बागा, बागांच्या मध्ये शेड, शेडच्या मागे हंगामी मजुरांच्या खोल्या. फळं एका लांबलचक मशीनवरून घरंगळत यायची, मशीन त्यांना वजनाप्रमाणे वेगळं करायचं, आणि आम्ही दोन्ही बाजूंनी उभे राहून ती खोक्यात भरायची. त्या मशीनवर माझा जीव जडला. पण मी त्याच्या फळांच्या बाजूला होतो. मोटरच्या बाजूला जायला मला परवानगी नव्हती. खोलीत गेलो की बॅगेतली कॅसेट दिसायची, अजून कागदात गुंडाळलेली, कोरी. ती तशीच परत नेऊन मिस्त्रींच्या हातात द्यायची, हे मला विमानाच्या तिकिटापेक्षाही जास्त खायचं.

मे महिन्यात मशीन किरकिरू लागलं. दोन दिवस सहन केलं शेडवाल्यांनी, तिसऱ्या दिवशी सकाळी बंद केलं, आणि शहरातल्या वर्कशॉपमधून वॉलेस नावाचा माणूस व्हॅन घेऊन आला. साठीचा, लाल मानेचा, कुणाशी फार न बोलणारा. मशीन चालू करायला लावून त्यानं स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. ओळीनं चार बेअरिंगं होती. त्यानं चारही ऐकली, परत ऐकली, डोकं हलवलं. शेडमध्ये पंखे, फोर्कलिफ्ट, पत्र्यावर पाऊस. चारही एकसारखी ओरडत असणार त्याच्या कानात. चारही उघडायची म्हणजे दिवस गेला, आणि दारात फळांचे ट्रक उभे.

मी माझी जागा सोडली. सोडायची नसते, आमची मुकादमीण बाई माझ्या नावानं ओरडलीसुद्धा. एक लाकडी खोकं फुटलं होतं, त्याची पट्टी उचलली, टोक सदऱ्याला पुसलं, दातात धरली, आणि वाकून पहिल्या बेअरिंगवर टेकवली. पाइनचं लाकूड, कडू-गोड डिंकाची चव. डोळे मिटले. शेड नाहीशी झाली. पहिलं ठीक. दुसरं ठीक. तिसऱ्याला खडा लागला, एका फेऱ्यात एकदा, तोच, राहात्याचा. मला रडूच आलं. पाच महिन्यांत त्या देशातली कुठलीही वस्तू माझ्याशी इतक्या ओळखीनं बोलली नव्हती.

"हे," मी म्हणालो.

वॉलेसनं माझ्या हातातली पट्टी पाहिली. मग त्यानं मशीन बंद करायला सांगितलं आणि तिसरं बेअरिंग उघडलं. आतल्या कड्याला नखाएवढा खड्डा पडला होता. त्यानं तो मला दाखवला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "तू तोच ना, बूट काढून आमच्या ऑफिसात आलेला?"

मी मान खाली घालून हो म्हटलं.

"सोमवारी ये. आणि बूट घालून ये."

पहिल्या महिन्यात मी आणि वॉलेसनं ते मशीन पुरतं उघडून परत जुळवलं. ज्या दिवशी ते सुरू झालं त्या दिवशी मी शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून आणला, कॅसेटचा कागद फाडला, बटण दाबलं आणि म्हणालो, "मिस्त्री, ऐकू येतंय का?" मग टेपरेकॉर्डर मशीनला चिकटवून धरला. एक अख्खी बाजू, अर्धा तास, हात अवघडेपर्यंत. पाकिटात चार ओळींची चिठ्ठी घातली: काठी विमानतळावर गेली, तिकडच्या लाकडावर भागवलं, खडा सापडला, हे माझं मशीन. पाकिटावर त्या शेडच्या खोल्यांचा पत्ता लिहिला आणि पोस्टात टाकलं. इतका आनंद मला नंतर मुलगी झाली तेव्हाच झाला.

ऑक्टोबरात वर्कशॉपसमोर एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. तिकडे दरवर्षी कामगारांचे कान तपासतात. नर्सनं माझे कान तपासले आणि अगदी उत्तम म्हणून कागद दिला. वॉलेसनं तो कागद वाचला, परत वाचला, आणि चक्रावून माझ्याकडे पाहिलं.

"तुला नीट ऐकू येतं?"

"हो."

"मग लाकूड दातात का धरतोस? आमच्याकडे बॉयलरवर एक म्हातारा होता, तो असंच करायचा. ठार बहिरा होता. नोकरी जाईल म्हणून कुणाला सांगायचा नाही. मला वाटलं, तुझंही तेच. म्हणून मी कधी विचारलं नाही."

मी हातातला पाना खाली ठेवला. मागून मारलेल्या हाका. साहेबांकडे न वळलेली मान. बोलणाऱ्याच्या ओठांवर खिळलेले मिस्त्रींचे डोळे. भोंगा झाला की आधी इतरांकडे बघून मगच पेटी आवरणं. मोठ्यांदा बोलणं. तीन वर्षं मी त्या माणसाच्या सावलीत होतो, त्याचं वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती. ती मला एका परक्या माणसानं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सांगितली.

आणि मग कॅसेट आठवली. ठार बहिऱ्या माणसाला मी साता समुद्रापलीकडून आवाज पाठवला होता, आणि सुरुवातीलाच विचारलं होतं, ऐकू येतंय का?

उत्तर आलं नाही. का येईल? शेडचा हंगाम संपला होता, मी वर्कशॉपजवळ राहायला आलो होतो, पण उत्तर जुन्याच पत्त्यावर जाईल हे मला सुचलंच नाही. मला वाटलं, त्यांच्या जिव्हारी लागलं. मी दुसरं पत्र लिहायला बसायचो आणि पहिल्या ओळीवरच अडायचो. असं करत वर्ष गेलं, मग पाच गेली. पुढं कुणाकडून तरी कळलं, मिस्त्री गेले. तेव्हा तर हा रस्ता माझ्यासाठी बंदच झाला.

सुजाता चहा घेऊन आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आता, केस पिकायला लागलेत. मी एकदम बोलून टाकलं. मला माहीत नव्हतं, म्हणालो. तुझ्या अप्पांना ऐकू येत नव्हतं हे मला तिकडं गेल्यावर कळलं.

ती थांबली. "दादा, खरंच माहीत नव्हतं तुम्हाला?"

"नाही."

"लहानपणी त्यांचे कान वाहायचे, पडदे गेले होते. घरात आईला आणि मला माहीत होतं. आणि अप्पा म्हणायचे, तिसरा पारनेरकर. म्हणायचे, त्या पोराला समदं ठावं हाय, पर तोंडातून शब्द काढला न्हाई कंदी. मला एकट्याला येगळं वाटू नाही, म्हनून आपनबी दातानंच शिकतोय." तिनं कप माझ्या हातात दिला. "मी पत्र लिहिलं होतं तुम्हाला. पाकिटावरच्या पत्त्यावर. अप्पांनी सांगितलं तसं, शब्दन्‌शब्द."

मी कप खाली ठेवला.

तिनं कपाटातून टेपरेकॉर्डर काढला आणि माझ्यापुढे सतरंजीवर ठेवला. कॅसेट त्यातच होती. दरवर्षी खंडेनवमीला, ती म्हणाली, हत्यारं पुसून झाली की अप्पा हे लावायला सांगायचे. काठी स्पीकरवर टेकवायची, दातात धरायची, आणि अख्खी बाजू ऐकायची. आई म्हणायची, एवढं काय आहे त्यात, नुसती घरघर. तर म्हणायचे, "तुला काय कळतंय. ह्ये पारनेरकराचं मशीन हाय. खडा न्हाई त्यात, पर पट्टा जरा ढिला हाय. सांगाय पायजे त्याला."

खरं होतं. पट्टा ढिला होता. दोन महिन्यांनी वॉलेसनं तो बदलायला लावला, तोवर आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"आणि सुरुवातीचं वाक्य?" मी विचारलं.

सुजातानं बटण दाबलं. थोडी खरखर झाली, मग एक कोवळा, उतावळा आवाज आला. माझाच. "मिस्त्री, ऐकू येतंय का?" आणि त्यानंतर दोन-तीन सेकंद काहीच नाही. फोनवर समोरच्याच्या बोलण्यासाठी आपण थांबतो ना, तसा मी तेव्हा थांबलो होतो. मला हे आठवतही नव्हतं.

"इथं," सुजाता म्हणाली, "अप्पा काठी काढून बोलायचे. दरवर्षी, इथंच. येतंय, येतंय. लाव म्होरं."

मशीन सुरू झालं. मी काठीचं टोक सदऱ्याला पुसलं, मिस्त्रींच्या दातांच्या खुणांवर माझे दात ठेवले, आणि दुसरं टोक स्पीकरवर टेकवलं. खडा नव्हता. पट्टा मात्र ढिला होता.